हरणांच्या शिकारीतील पूर्वपाहणी
शिकारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हरणांचे नैसर्गिक खाद्य, विश्रांतीच्या जागा व त्यांना जोडणाऱ्या वाटा यांचा शोध घेण्याची पद्धती. उत्तर अमेरिकेत मुख्यत्वे श्वेतपुच्छ हरणाच्या (ओडोकॉयलियस व्हर्जिनिॲनस) शिकारीत तिचा अवलंब करतात. हे हरिण बहुधा पहाटे व तिन्हीसांजेस चरते आणि दिवसा दाट झाडोऱ्यात बसून रवंथ करते. त्यामुळे त्या त्या वेळचे खाद्य ओळखले, तर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेचा अंदाज बांधता येतो.

खाद्य ऋतुमानाप्रमाणे बदलते. वसंतात व उन्हाळ्यात कोवळा पाला व लहान वनस्पती, शरदात ओकची फळे व सफरचंदे आणि हिवाळ्यात डहाळ्या व कळ्या हा मुख्य आहार होय. श्वेत ओकच्या फळांत टॅनीन कमी असल्याने ती आधी फस्त होतात. तांबड्या ओकची तुरट फळे उशिरापर्यंत शिल्लक राहतात. ओकचे पीक दरवर्षी सारखे येत नसल्याने पाहणी प्रतिवर्षी नव्याने करावी लागते.

खुरांचे ठसे, लेंड्या, मळलेल्या वाटा, नराने शिंगे घासून सोललेली खोडे व माजाच्या काळात खुरांनी उकरलेली जमीन या प्रमुख खुणा होत. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने त्याने तोडलेल्या डहाळीचे टोक फाटलेले दिसते. सशाने कुरतडलेले टोक तिरपे व स्वच्छ कापलेले असते. वाटा सामान्यतः खिंडी, ओढ्यांचे उतार व रानाच्या कडा यांना धरून जातात. हरणाचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असल्याने, वारा वाटेकडून आपल्याकडे येईल अशी जागा शिकारी निवडतो. वारंवार वावर झाल्यास हरणे वाट बदलतात. म्हणून पाहणी मोजकीच करतात.

धान्याचे आमिष टाकल्यास हरणे एकत्र जमून क्षयकारी प्राणघातक प्रिऑन रोग फैलावण्याचा धोका असतो. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम आढळलेल्या या रोगामुळे अनेक राज्यांत आमिषावर निर्बंध आहेत. तेथे नैसर्गिक खाद्याच्या ज्ञानावरच भिस्त राहते. लांडग्यांसारखे भक्षक नाहीसे झालेल्या प्रदेशांत हरणे बेसुमार वाढून वनांतील रोपे खाऊन टाकतात. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे नियंत्रित शिकार हे तेथील प्रमुख साधन आहे.

भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांच्या शिकारीस बंदी आहे. मात्र ठसे, लेंड्या व खुडलेल्या डहाळ्या यांचे असेच वाचन वन्य प्राण्यांच्या पाहणीत उपयोगी पडते.