मृगाची पेरणी व मुलांच्या वह्या

मृग लागला कीं नंदुरबारकडील शेतकऱ्यास बी-बियाणें घ्यावें लागतें, आणि त्याच पंधरवड्यांत शाळा उघडून वह्या-दप्तराची यादी हातीं पडते. मग बियाणें कमी पडतें, नाहीं तर उधारी होते.

पहिली ते आठवीचीं पाठ्यपुस्तकें सरकारी व अनुदानित शाळांत मोफत मिळतात खरीं. परंतु २०२३ पासून त्यांत जोडलेलीं कोरीं पानें २०२५-२६ पासून बंद झालीं व वह्यांचा भार पुन्हां पालकांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली व खोडरबर यांवरील वस्तु व सेवा कर मात्र उठला आहे. बिल मागून पाहावें, तोंडी हिशेबावर विसंबूं नये.

आमच्या मतें, बाजारांत मिरची विकतांच वर्षाच्या वह्या एकदम घेऊन ठेवाव्या. बूट तेवढे जूनमध्येंच घ्यावे. मुलांचे पाय वाढतात.