सांभाळणाऱ्यांचा सांभाळ

स्मृतिभ्रंश, ज्याला वैद्यकशास्त्रात डिमेन्शिया म्हणतात, हे कोणा एका रोगाचे नाव नाही. मेंदूतील पेशींची हानी करणाऱ्या निरनिराळ्या विकारांमुळे स्मरणशक्ती, भाषा, निर्णयक्षमता आणि स्थळकाळाचे भान हळूहळू इतके ढासळते की माणसाला रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता येत नाहीत, त्या अवस्थेला हे नाव आहे. तिच्या मागे ६० ते ७० टक्के रुग्णांत अल्झायमरचा आजार असतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले आणि एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत साठलेली प्रथिने व गुंतागुंत झालेले तंतू दाखवून दिले. त्यानंतरच्या शतकभरात मेंदूविषयीचे ज्ञान अफाट वाढले, तरी झालेली हानी भरून काढणारे औषध अजून हाती आलेले नाही. उपलब्ध गोळ्या काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य करतात आणि अलीकडची इंजेक्शने अगदी सुरुवातीच्या अवस्थेत ऱ्हासाचा वेग थोडासा कमी करतात, इतकेच. त्यामुळे रुग्णाची उरलेली वर्षे कशी जाणार हे बहुतांशी त्याला घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून राहते, आणि म्हणून त्या व्यक्तीची प्रकृती हा उपचाराचाच भाग मानावा लागतो.

भारतातील वयोवृद्धांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठ वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे आणि त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. यांपैकी बहुतेकांची काळजी घरातच घेतली जाते, आणि ‘घरचे बघतात’ या शब्दांमागे प्रत्यक्षात बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी अशी एकच बाई उभी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या रुग्णांच्या शुश्रूषेचे जगभरातील ७० टक्के तास स्त्रिया भरतात आणि विनामोबदला काळजी घेणारी व्यक्ती दिवसाला सरासरी पाच तास या कामात घालवते. ज्या घरांत रात्रीची झोपही तुकड्यातुकड्यांनी मिळते, त्या घरांना पाच तासांचा हा आकडा फारच लहान वाटेल.

पक्षाघात किंवा हाड मोडणे यांसारख्या आजारांत रुग्ण परावलंबी झाला तरी तो माणूस म्हणून ओळखीचा राहतो. स्मृतिभ्रंशात तसे होत नाही. जेवण होऊन पाच मिनिटे झाली नाहीत तोच ‘मला कोणी जेवायला दिलेच नाही’ म्हणणे, दागिने सुनेने चोरले असा आरोप पाहुण्यांसमोर करणे, दिवे लागायच्या सुमारास बेचैन होऊन ‘आता घरी जाते’ म्हणत स्वतःच्याच घरातून बाहेर पडणे, आंघोळीला कडवा विरोध करणे, ही आजाराची लक्षणे आहेत. पण हे कोणी समजावून सांगितलेले नसेल तर ती हट्ट, दुष्टावा किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून पाहिली जातात आणि सांभाळणारी व्यक्ती वाद घालण्यात, पटवून देण्यात, रागावण्यात व मग रागावल्याबद्दल स्वतःला दोष देण्यात झिजत जाते. नातेवाइकांचे येणे कमी होते, लग्नकार्याला जाणे थांबते, नोकरी सुटते. ज्या बाईवर चोरीचा आळ येतो तिला तो आळ कोणाला सांगण्याचीही सोय नसते, कारण ऐकणाऱ्याला तो खरा वाटण्याची भीती असते. हे एकटेपण आजारातून अटळपणे येते असे समजले जाते, परंतु ते मोठ्या प्रमाणात टाळता येते, आणि याचा सर्वांत विश्वसनीय भारतीय पुरावा गोव्यातून आलेला आहे.

विकसनशील देशांत जगातील ६६ टक्के स्मृतिभ्रंशाचे रुग्ण राहत असताना त्यांच्यावरचे संशोधन मात्र एकूण संशोधनाच्या १० टक्क्यांहूनही कमी आहे, या विषमतेवरूनच स्वतःला ‘१०/६६’ असे नाव घेतलेला संशोधकांचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे. त्या गटातील मार्टिन प्रिन्स आणि गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगात’ या संस्थेचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल यांनी गोव्यातील वार्धक्य आणि मानसिक आरोग्य यांचा अभ्यास करून २००१ मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते महाराष्ट्रातील कोणत्याही गावालाही ओळखीचे वाटतील. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांच्या परिचयाची होती, पण तो आजार आहे असे कोणाला वाटत नव्हते. ते म्हातारपणच समजले जाई, किंवा मुलांनी माया केली नाही, हेळसांड केली म्हणून असे झाले असे मानले जाई. त्यामुळे डॉक्टरांपर्यंत हे रुग्ण क्वचितच पोहोचत, मात्र घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना ते सहज ओळखता येत. या समजुतीचा परिणाम दुहेरी होतो, कारण रुग्णाला उपचार मिळत नाहीत आणि जी व्यक्ती दिवसरात्र राबते तिच्याच माथी हेळसांडीचा ठपका बसतो.

या पार्श्वभूमीवर गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांसह एक प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंबांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला लगेच मदत मिळाली आणि दुसऱ्याला सहा महिन्यांनंतर, म्हणजे दोन्ही गटांची तुलना करून मदतीचा खरा परिणाम मोजता आला. मदत करणारे ‘गृहसेवा सल्लागार’ डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते. किमान उच्च माध्यमिक शिक्षण, स्थानिक भाषेचे ज्ञान आणि माणसांशी बोलण्याची हातोटी एवढ्या अटींवर त्यांची निवड झाली आणि एका आठवड्याचे कसून प्रशिक्षण मिळाले. मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी राहिले.

हे सल्लागार निदान पंधरा दिवसांतून एकदा घरी जात आणि आजार म्हणजे काय, तो पुढे कसा सरकतो हे समजावून सांगत. रुग्ण चिडला, पुन्हापुन्हा तेच विचारू लागला, रात्री उठून फिरू लागला तर काय करायचे यावर ते कुटुंबाबरोबर विचार करत. वर्तन हाताबाहेर जात असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवत, वृद्धांसाठीच्या शासकीय योजनांची माहिती देत, आणि अशाच स्थितीतील दुसऱ्या कुटुंबांशी गाठ घालून देत. वरवर साध्या दिसणाऱ्या या कामांतील शेवटचे काम विशेष मोलाचे आहे, कारण चोरीचा आळ सोसलेल्या दुसऱ्या सुनेला भेटल्यावर जो दिलासा मिळतो तो कितीही विद्वान तज्ज्ञ देऊ शकत नाही.

सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यात स्पष्ट सुधारणा आढळली आणि रुग्णाच्या वर्तनामुळे होणारा त्यांचा मनस्ताप कमी झाला. रुग्णाच्या वर्तनात व कार्यक्षमतेतही किंचित सुधारणा दिसली, पण ती योगायोगाने नाही असे संख्याशास्त्राच्या आधारे म्हणता येण्याइतकी मोठी नव्हती, आणि संशोधकांनी हे प्रामाणिकपणे नोंदवले आहे. थोडक्यात, आजार होता तेवढाच राहिला आणि तरीही त्याचे ओझे वाहणारी माणसे सावरली. ज्या आजारावर औषध नाही तिथे करण्यासारखे काही नाही, या सार्वत्रिक समजुतीला याहून चांगले उत्तर असू शकत नाही.

असे मनुष्यबळ उभे करणे महाराष्ट्राला अशक्य नाही. आशा सेविका तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात साठी ओलांडलेल्यांसाठी जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होते का, असा प्रश्न आहेच. उणीव आहे ती ‘होय’ या उत्तरानंतर काय करायचे याची घडी बसवण्याची. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रे, महिला बचत गट आणि भजनी मंडळे यांच्याकडे जागा आहे, माणसे आहेत आणि परस्परांविषयी विश्वास आहे. महिन्यातून एकदा सांभाळणाऱ्यांची बैठक भरवणे आणि त्या दोन तासांपुरते रुग्णाजवळ बसायला संघातला एखादा सदस्य देणे, एवढे त्यांनी केले तरी पुष्कळ होईल. ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्याख्यानमालांत हृदयविकार आणि मधुमेह दरवर्षी येतात; स्मृतिभ्रंशालाही तिथे तेवढेच स्थान मिळायला हवे. जपानने २००५ पासून बँकेतले कर्मचारी, दुकानदार, शाळकरी मुले अशा सर्वसामान्यांना सुमारे दीड तासाचे शिक्षण देऊन ‘स्मृतिभ्रंश साहाय्यक’ बनवले आणि त्यांची संख्या एक कोटीच्या पुढे नेली, ती याच विचाराने की वाट चुकलेल्या वृद्धाला प्रथम भेटणारा माणूस डॉक्टर नसतो.

निदान लवकर होण्याची गरज वैद्यकीय कारणांसाठी आहेच, कारण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य आणि काही औषधांचे दुष्परिणाम यांतूनही विस्मरण होते व ते उपचारांनी सुधारू शकते. परंतु तिला कायद्याचीही एक बाजू आहे, जिच्याकडे कुटुंबे हमखास दुर्लक्ष करतात. भारतीय करार कायद्यानुसार कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची मनोक्षमता गेली की ते पत्र निरुपयोगी ठरते, आणि मग वडिलांच्याच पैशातून वडिलांची औषधे आणायलाही न्यायालयाचे दार ठोठावण्याची वेळ येऊ शकते. मृत्युपत्र, बँकेतील संयुक्त खाती, तसेच मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या प्रतिनिधीची नेमणूक, ही सर्व कामे रुग्णाला समज आहे तोवरच त्याच्या इच्छेने व्हायला हवीत.

ज्यांना अद्याप काहीही झालेले नाही अशा ज्येष्ठांच्या मेंदूचे आरोग्य हा याच विषयाचा दुसरा भाग होय. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये असा निष्कर्ष काढला की चौदा जोखीम-घटक पूर्णपणे दूर करता आले तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रसंग टाळता किंवा लांबवता येतील. त्यांत अल्प शिक्षण, कमी ऐकू येणे व कमी दिसणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अतिमद्यपान, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, डोक्याला इजा, हवेचे प्रदूषण, नैराश्य आणि एकाकीपणा हे सारे येते. शिक्षणाने आणि बौद्धिक व्यवहाराने मेंदूत एक राखीव क्षमता तयार होते, आणि बँकेतील शिल्लक अडचणीत उपयोगी पडावी तशी ती हानी सुरू झाल्यावरही काही काळ निभावून नेते; मुलींना शाळेपासून दूर ठेवल्याची किंमत साठ वर्षांनी ग्रामीण स्त्रिया अशा रीतीने मोजत आहेत. याउलट स्मरणशक्ती वाढवणारी म्हणून विकली जाणारी जीवनसत्त्वांची महागडी मिश्रणे या धोक्यापासून वाचवत नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यांची शिफारस करू नये असेच म्हटले आहे. त्या पैशांतून श्रवणयंत्र घेणे किंवा मोतीबिंदू काढून घेणे शहाणपणाचे.

नैराश्याबाबत पुन्हा गोव्याचाच दाखला देता येतो. नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या साठीपुढच्या १८१ व्यक्तींवर केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांची मदत मिळालेल्यांपैकी वर्षभरात सुमारे ४ टक्के लोकांना नैराश्याचा आजार जडला, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. इथेही काम केले ते घराजवळच्या, भाषा जाणणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या माणसांनी.

ज्यांच्या घरात अशी शुश्रूषा चालू आहे त्यांनी ती मुकाट्याने एकट्याने करू नये. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस ही चोवीस तासांची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून, टेलि-मानसवर रुग्णाप्रमाणेच त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही स्वतःसाठी बोलता येते.