आडव्या झाडातला ताण

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मुरुड-श्रीवर्धन पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या अनेक वाड्या उद्ध्वस्त झाल्या आणि पडझड उपसून वाडी मोकळी करणे हे पुढचे मोठे काम होऊन बसले. आडवे झालेले झाड कापणे सोपे, असा समज असतो. परंतु उभ्या झाडाचा भार बहुतांशी खोडातून सरळ जमिनीत उतरतो, तर पडलेल्या झाडात तो वाकलेल्या खोडात, अडकलेल्या फांद्यांत आणि अर्धवट उपटलेल्या मुळांत कोंडून राहतो, म्हणून हे काम अधिक जोखमीचे ठरते.

दोन्ही टोकांना टेकून मध्ये अधांतरी राहिलेल्या खोडाची वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली असते. दाबाच्या बाजूने खोल काप घेतल्यास करवत अडकते आणि ताणाच्या बाजूने एकदम घेतल्यास लाकूड फाटून उसळते. त्यामुळे आधी वरून उथळ आणि मग खालून बेताबेताने कापावे लागते. मुळांसकट कललेल्या आंब्या-फणसाचे खोड तोडले, की वजन सुटून मातीचा गड्डा पुन्हा खड्ड्यात आदळू शकतो.

यांत्रिक करवतीत उलट्या झटक्याचे भय असते, म्हणजे फिरत्या साखळीच्या पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला टेकताच पाते क्षणार्धात चालकाच्या तोंडाकडे उसळते. हेल्मेट, चेहऱ्यावरची जाळी, शंभर डेसिबलपुढे जाणाऱ्या आवाजासाठी कानपट्टे आणि संरक्षक विजार ही साधने याचसाठी असतात. विजारीतील लांब तंतू साखळीत गुंतून तिला थांबवतात. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात मात्र ही जाड विजार नकोशी होते आणि नेमकी तीच सर्वांत आधी टाळली जाते.

झावळ्यांखाली दडलेली वीजवाहिनी, वर मोडून लटकलेली फांदी, खोडात रुतलेला जुना खिळा, गांधीलमाश्यांचे पोळे, ओल्या पाल्यातले फुरसे किंवा सोंड्या भुंग्याने आतून पोखरलेला, वरून धडधाकट दिसणारा माड, यांपुढे कोणतेही साधन पुरेसे नसते. म्हणून करवत सुरू करण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारावी, वीज बंद असल्याची खात्री करावी, मागे सरण्याची वाट मोकळी ठेवावी आणि हे काम एकट्याने कधीही करू नये.