चूल भडकली तर काय करावे?

सारंगखेड्याची यात्रा दत्त जयंतीच्या सुमारास, बहुधा डिसेंबरात भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे, पण इतर दुकानदारांचाही तो हंगामच. आम्ही कापडवाले अशा यात्रेत गाठोड्यांसह पालात मुक्काम करतो आणि पालाच्या तोंडाशीच चूल मांडतो. तापीकाठचा वारा, जवळपास कडबा, वर कापडी छत. अशा जागी जाळ हाताबाहेर गेला, तर हंगामाचे भांडवल घडीभरात राख होऊ शकते. घरच्या चुलीवर रंग उकळणाऱ्या किंवा मिठाई करणाऱ्या कारागिरांनाही हीच धास्ती असते. म्हणून चुलीचा स्वभाव समजून घेणे फायद्याचे आहे.

लाकूड तापले की त्यातून वायू सुटतो आणि ज्वाळा त्या वायूची असते. पऱ्हाटी, तुराट्या यांसारखे बारीक व सुके सरपण एकदम कोंबले, तर वायूही एकदम सुटतो. त्यात वाऱ्याची भर पडली की जाळ भडकतो. एक किलो लाकूड पुरते जळायला सुमारे सहा किलो हवा लागते. म्हणजे चुलीला दोन लगाम आहेत, एक सरपणाचा आणि दुसरा हवेचा.

जाळ वाढला तर प्रथम सरपण कमी करावे. पेटती लाकडे थंड टोकाला धरून एकेक बाहेर ओढावीत, मोकळ्या जमिनीवर ठेवून माती टाकून विझवावीत. आत राहिलेल्या निखाऱ्यांवर थोडी राख पसरावी. मग पत्र्याच्या तुकड्याने चुलीचे तोंड अर्धे झाकावे. वैलावर भांडे नसेल तर तेही झाकावे, कारण उघडे वैल धुराड्यासारखी हवा ओढते. तीन दगडांची चूल असेल, तर वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करावा. आडोशाला कापड किंवा पोते कधीच लावू नये.

तापलेल्या चुलीत पाणी ओतू नये. मातीला तडे जातात आणि वाफेबरोबर गरम राख उडून माणूस भाजतो. कढईतले तेल पेटले तर पाणी मुळीच नको. कढई न हलवता वर घट्ट झाकण ठेवावे व खालचा जाळ काढावा. बंद खोलीत मात्र तोंड झाकून निखारे धुमसत ठेवू नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम १९८३ ते २००२ या काळात चालला. त्यातून अनेक घरांत धुराड्याच्या चुली आल्या. अशी चूल असेल तर धुराड्यातली काजळी वेळोवेळी काढावी. साचलेली काजळी मोठ्या जाळाने पेट घेते आणि आग थेट छपरापर्यंत जाते.

कपड्यांबद्दल आम्ही आमच्या धंद्यातले सांगतो. सुती कापड पटकन पेटते. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते, म्हणून त्याची जखम खोल होते. चुलीपाशी ओढणीचा पदर किंवा सैल बाही लोंबती ठेवू नये. मालाची गाठोडी वाऱ्याच्या दिशेने चुलीपुढे कधीच नसावीत. कापडाने किंवा कडब्याने पेट घेतलाच, तर त्यासाठी पाण्याची आणि मातीची एकेक बादली हाताशी असावी.

शेवटी हिशेबाची गोष्ट. उघड्या भांड्यातले पाणी उकळू लागले की ते सुमारे १०० अंशांवरच राहते, खाली कितीही जाळ घाला. त्यामुळे डाळ लवकर शिजत नाही, की रंग अधिक चढत नाही. फक्त पाणी आटते आणि सरपण संपते. उकळी आली की दोन लाकडे मागे ओढावीत. त्यात जळणाचे पैसे वाचतात आणि मालही सुरक्षित राहतो.