पडदा काळा, पण संगणक जागा!

मुलांनो, पाहुणे मागच्या दारी हाका मारताहेत आणि तुम्ही पुढच्या दारात वाट बघताय, असं कधी झालंय? संगणकाच्या बाबतीतही अगदी अशीच गंमत होते बरं का!

‘क्यूईएमयू’ नावाची एक मोफत आज्ञावली आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने ती २००३ साली लोकांपुढे आणली. ती संगणकाची हुबेहूब नक्कल करते. म्हणजे तुमच्या संगणकाच्या पोटात आणखी एक संगणक! आहे की नाही मजा?

हा आतला संगणक सुरू होताना आपण काय करतोय ते सांगत असतो. जिथे तो हे सांगतो आणि आपल्या आज्ञा घेतो, ती जागा म्हणजे कन्सोल. खानावळीत काही न सांगता बसलात, तरी पोळी, भाजी, वरण-भात ताटात येतोच ना? तसंच नेहमीच्या पीसीची नक्कल करताना क्यूईएमयू न मागता एक पडदा आणि एक सीरियल पोर्ट देते. यालाच ‘डीफॉल्ट’ म्हणतात. पडदा हे पुढचं दार, सीरियल पोर्ट हे मागचं.

आता ‘नोग्राफिक’ हा पर्याय दिलात, तर पडद्याची खिडकी उघडतच नाही. सीरियल पोर्ट तुमच्या टर्मिनलला जोडला जातो. पण आतल्या लिनक्सला हे कुठे ठाऊक? तो आपला पडद्याशीच बोलत राहतो! सुरुवातीला चार ओळी दिसतात, मग सगळं चिडीचूप. आपल्याला वाटतं, बिघडला!

अशा वेळी घाईघाईने तो बंद करू नका हं. आतला संगणक डिस्कवर काही लिहीत असेल, तर फायली खराब होऊ शकतात. पुढच्या वेळी सुरू करताना लिनक्सच्या कर्नलला ‘कन्सोल=टीटीवायएस०’ एवढं सांगा. ‘टीटीवायएस०’ म्हणजे पहिला सीरियल पोर्ट. यातलं ‘टीटीवाय’ आलंय जुन्या टेलिटाइप यंत्रावरून. तारेने जोडलेलं ते यंत्र टाइपरायटरसारखं खटखट करत कागदावर मजकूर छापायचं!

आणि काहीच आपोआप नको असेल, तर ‘नोडीफॉल्ट्स’ म्हणा. मग ताट रिकामं! हवं ते एकेक तुम्हीच वाढून घ्यायचं.

तेव्हा दोस्तांनो, पडदा गप्प दिसला तर आधी विचारा, ‘हा बोलतोय कुठे?’ आई-बाबांनाही हे कोडं घालून बघा!