खडूची धूळ आणि सोमवारचा खोकला

"रविवारी ठणठणीत, सोमवारी खोकला! भाऊजी, हे शाळा बुडवण्याचे सोंग तर नव्हे?" वर्सोव्यातील आमच्या शेजारच्या वहिनींनी एकदा मला विचारले. मी पडलो मास्तर. ताबडतोब मान डोलावली. त्या चुकीची कबुली म्हणून हा लेख.

मुलगा आठ वर्षांचा. दूध पोटात गेले की अंगावर गांधी उठतात, हे घरात सर्वांना ठाऊक. खोकल्याचा दोष मात्र कोणी समुद्राच्या दमट हवेला दिला, कोणी कोळीवाड्यात वाळणाऱ्या बोंबलांना. डॉक्टरांनी वेगळेच विचारले: "वर्गात बसतो कुठे? फळा कोण पुसतो?" बसे तो पहिल्या बाकावर, आणि फळाही तोच पुसे, वर डस्टर भिंतीवर आपटून!

आजचा खडू बहुधा जिप्समचा, क्वचित चुनखडीचा. त्याची धूळ विषारी नव्हे. मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांची फुप्फुसे ज्या धुळीने निकामी झाली, तीत सिलिका होती. खडूची गोष्ट तशी नाही. पण दमेकरी मुलाच्या श्वासनलिकेला कोणतीही बारीक भुकटी झोंबते आणि खोकल्याची उबळ येते. ही झाली नुसती चुरचुर. अ‍ॅलर्जी त्याहून निराळी.

"मग बिनधुळीचा खडू आणा की!" आपण म्हणाल. खरी मेख तिथेच आहे. अशा काही खडूंत भुकटी उडू नये म्हणून केसीन, म्हणजे दुधातले प्रथिन, घातलेले असते. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या श्वासावाटे ते आत गेल्यास दम्याचा त्रास होऊ शकतो, असे स्पेनमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. दूध ओठाला न लावताही बाधते ते असे!

उपाय साधे आहेत. फळा ओल्या फडक्याने पुसावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, खोकणाऱ्या मुलाला फळ्यापासून दूर बसवावे. दूध बाधत असेल तर शाळेला तसे लेखी कळवावे आणि खडूत काय आहे, याची चौकशी करावी. धाप लागत असेल, तर घरगुती काढ्यांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

वहिनींच्या मुलाचा बाक बदलला, फळा पुसण्याचे काम दुसऱ्याकडे गेले, आणि सोमवारचा खोकला पुष्कळच उतरला. परवा दारात रांगोळी घालायला तो बसला, तेव्हा वहिनींनी त्याच्या हाती ओला रंग आणि कुंचला दिला. मला पाहून तो म्हणाला, "काका, मी सोंग करत नव्हतो." मी त्याची माफी मागितली.