काय लावलंत?

सकाळी ७

ओपीडीला अजून वेळ असतो, पण ड्रेसिंग रूमचं कुलूप मी सातलाच काढते. आश्विन संपत आला की कोकणातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं काम बदलतं. भातकापणी जोरात असते, घरोघरी फराळाची कढई चुलीवर चढलेली असते, शाळांना सुट्टी लागत आलेली असते आणि सड्यावरचं गवत कमरेपर्यंत वाढलेलं असतं. या दिवसांत माणसं कशानं जायबंदी होणार हे आधीच ठाऊक असतं: विळा, तेल, फुरसं, विंचू आणि मोटारसायकल.

म्हणून आधी कपाट बघायचं. गॉज, बँडेज, टाक्यांचं सामान. सर्पदंशाच्या कुप्या मोजायच्या आणि रजिस्टरात आकडा लिहायचा. काचेच्या दोन-तीन टेस्ट ट्यूब मी वेगळ्या डब्यात ठेवते, कोऱ्या आणि कोरड्या. त्यांना कुणी साबणाचा हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. का, ते संध्याकाळच्या नोंदीत येईल.

सकाळी ९

पहिला केसपेपर एका काकांचा. भाताची मूठ धरलेल्या डाव्या हातावर विळा बसला होता. बोटाभोवती लुगड्याची चिंधी आणि तिच्याखाली काळपट हिरवा लगदा.

"काका, काय लावलंत?"

जखम घेऊन आलेल्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न हाच असतो. नाव-गाव नंतर.

"दगडीपाला चोळला शेतातच. थांबेना, म्हणून घरी येऊन कॉफी दाबली."

सलाईनच्या धारेखाली ते सगळं सोडवायला बराच वेळ गेला. कॉफीचा कण न् कण निघाल्याशिवाय जखम किती खोल आहे ते दिसत नाही, शीर तुटली की नाही ते कळत नाही, आणि घाण आत ठेवून टाके घालता येत नाहीत. डॉक्टरांनी बोट वाकवून-सरळ करून घेतलं, तीन टाके घातले. धनुर्वाताचं इंजेक्शन मी दिलं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि शेतातल्या जखमेला ही दोन्ही लागतातच.

दगडीपाल्याला मी नावं ठेवत नाही. ज्या काळी डॉक्टर तालुक्याच्या गावी आणि तालुका दिवसभराच्या वाटेवर होता, त्या काळी आजीनं हाताशी होतं ते वापरलं. आज केंद्र जवळ आहे, म्हणून सांगते: रक्त औषधानं थांबत नाही, दाबानं थांबतं. स्वच्छ फडकं जखमेवर ठेवायचं, तळहातानं घट्ट दाबायचं, हात छातीच्या वर धरायचा आणि घड्याळात बघून १० मिनिटं सोडायचं नाही. मधेच उचलून बघायचा मोह सगळ्यांना होतो. उचललं की धरत आलेली गुठळी फडक्याबरोबर निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फडकं भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. बोटात अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढायची.

सकाळी ९:४५

नाकातून रक्त येणारा शाळकरी मुलगा. बाबांनी त्याची मान मागे करून डोक्यावर पाणी मारलं होतं. मान मागे केली की रक्त घशात उतरतं आणि पोरगं उलटी करतं. मी त्याला पुढे वाकून बसवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायला लावला, तोंडानं श्वास घे म्हटलं. १० मिनिटांत थांबलं.

त्याच्यामागे कुत्रा चावलेली एक मुलगी, तिसऱ्या डोससाठी. तिच्या आईला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. चावल्या चावल्या तिनं मुलीचा पाय पडवीतल्या नळाखाली धरला होता आणि साबणानं १५ मिनिटं धुतला होता. चुना नाही, मिरचीपूड नाही, पट्टीसुद्धा नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही असंच धरून चालावं. वाचवायचं ते त्याआधी, आणि त्यातला पहिला वाटा साबण-पाण्याचा. लस त्याच दिवशी सुरू करायची आणि ठरलेल्या तारखा चुकवायच्या नाहीत.

सकाळी ११

ज्याची भीती होती तेच आलं. चकल्या तळताना झारा निसटला आणि नव्यानं लग्न होऊन आलेल्या एका मुलीच्या मनगटापासून कोपरापर्यंत तेल उडालं. सोबत सासूबाई, स्वतः रडवेल्या. हात पांढराफटक दिसत होता आणि खोलीभर पेपरमिंटचा वास.

"टूथपेस्ट लावली ओ सिस्टर. थंड पडतं म्हणून."

टूथपेस्ट गार लागते हे खरं, पण ते मिंटमुळे. कातडीतली उष्णता तिनं कमी होत नाही. तेल पुसलं तरी कातडीत शिरलेली धग खाली खाली जात राहते, आणि पेस्टचा थर ती आतच कोंडून धरतो. वाळली की पेस्ट कडक होते. ती काढताना फोडाची नाजूक कातडी सोबत निघते, आणि त्या वेळचं त्या मुलीचं ओरडणं सासूबाईंना ऐकवलं नाही. त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

भाजून पाऊण तास झाला होता. तरीही मी तिचा हात आधी नळाखाली धरला. भाजल्यानंतर पहिल्या दोन-तीन तासांतसुद्धा पाण्याचा उपयोग होतो. हिरवा चुडा साबण लावून उतरवला, कारण तासाभरात मनगट सुजलं असतं आणि बांगड्या रुतल्या असत्या. साधं, वाहतं पाणी, २० मिनिटं. बर्फ नाही, बर्फानं भाजलेली कातडी आणखी मरते. मग कोरडं स्वच्छ ड्रेसिंग. फोड फोडले नाहीत. फोडाच्या आतलं पाणी स्वच्छ असतं आणि वरची कातडी हे त्याचं झाकण.

सासूबाईंना मी आत बोलावलं आणि जवळ बसवलं. दोष देण्याची ही वेळ नव्हती. त्यांनी मायेनंच लावली होती पेस्ट. "काकी, परत असं झालं तर काहीही शोधायला घरात जाऊ नका. शाई नको, तूप नको, हळद नको, बटाट्याचा कीसही नको. बादलीत हात बुडवा, नाहीतर वरून तांब्यातांब्यानं पाणी ओतत राहा. मग स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून इकडे या." रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर तो अंगाचा साधारण एक टक्का असतो. त्याहून जास्त भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, सांधा, जांघ भाजली असेल, मूल लहान असेल, तर घरी थांबायचं नाही.

दुपारी २:३०

आशाताईंची मासिक बैठक. अहवाल, रजिस्टरं, गरोदर मातांच्या याद्या, हे सगळं होतं. शेवटचा अर्धा तास मी मागून घेते. आज गोधडीची वळकटी जमिनीवर ठेवली आणि प्रत्येकीला गुडघ्यावर बसवलं. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर हे सुरू करायचं, त्याआधी दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगायचं. दोन मिनिटांत सगळ्यांना घाम फुटला. मग त्यांच्याच लक्षात आलं की एकटीचं हे काम नाही, आलटून पालटून करावं लागतं.

त्यांच्यातल्या एकीनं तिच्या वाडीतली गोष्ट सांगितली. तीन वर्षांच्या पोराच्या घशात शेंगदाणा अडकला, आवाज बंद, ओठ निळे. घरचे तोंडात बोटं घालत होते. हिनं त्यांना थांबवलं, कारण न दिसणारी वस्तू बोटानं आणखी खाली ढकलली जाते. पोराला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे पाच जोरदार थापा दिल्या. मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर दाबलं. तिसऱ्या दाबाला शेंगदाणा बाहेर. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट मात्र कधी दाबायचं नाही. पाठीवर थापा आणि छातीवर दोन बोटांनी दाब, एवढंच. हे तिनं स्वतःहून सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

फिटचा विषयही काढला. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यातलं काहीच लागत नाही. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या, दातांत चमचा घालायचा नाही, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांवर गेलं तर गाडी बोलवायची.

संध्याकाळी ५:१०

रिक्षा दारात येऊन थांबली. आत एक काकी आडव्या, उजवा हात दोन कामट्यांमधे ठेवून मफलरनं बांधलेला. शेजारी मुलगा. गवताचा भारा उचलताना फुरसं चावलं.

"काय लावलंत?"

"काही नाही सिस्टर. काहीच नाही लावलं."

इतकं चांगलं उत्तर दिवसभरात ऐकलं नव्हतं. दोरी करकचून बांधलेली नव्हती, ब्लेडनं चिरा दिलेल्या नव्हत्या, कुणी तोंड लावून विष ओढलं नव्हतं, वाटेत मांत्रिकाकडे गाडी थांबली नव्हती. बांगड्या खोबरेल लावून काढल्या होत्या. चावल्याची वेळ मुलानं मोबाइलवर लिहून ठेवली होती, ४:२५. आईला त्यानं एक पाऊलही चालू दिलं नव्हतं, कारण हालचालीनं विष लवकर पसरतं. साप मारायला कुणी थांबलं नव्हतं.

आता ती टेस्ट ट्यूब. दोन मिलिलिटर रक्त काढलं, नळीत घातलं, स्टँडवर ठेवलं आणि घड्याळ लावलं. २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही. फुरशाचं विष रक्त गोठवणारी द्रव्यं संपवून टाकतं. मग हिरड्यांतून, लघवीतून, कुठूनही रक्त जाऊ लागतं. नळी साबणानं धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निकाल फसवा येतो, म्हणून सकाळची ती ताकीद. २० मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

डॉक्टरांनी प्रतिविषाच्या १० कुप्या सांगितल्या. कुपीत कोरडी पावडर असते, ती पाण्यात हळूहळू विरघळवायची. घाईनं हलवली तर फेस होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर हे एकच इंजेक्शन चालतं, म्हणून साप ओळखता आला नाही तरी अडत नाही. घोड्यांच्या रक्तातून ते बनतं, त्यामुळे कुणाला त्याची ॲलर्जी येऊ शकते. ॲड्रेनलिन भरून जवळ ठेवलं, सलाईनमधून तासभरात सगळं दिलं आणि तो तास मी खुर्ची सोडली नाही.

रात्री ८:४०

चुलीची लाकडं उचलताना विंचू चावलेला तरुण. तांबडा विंचू. किती दुखतंय यावर धोका ठरत नाही. दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय ही खरी खूण. त्याला ही तिन्ही लक्षणं होती. डॉक्टरांनी लगेच प्रॅझोसिनची गोळी दिली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातच, विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्र-रात्र बसून या गोळीचा उपयोग सिद्ध केला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या गोळीआधी आमच्या भागात विंचवानं धडधाकट माणसं आणि पोरं जात असत.

त्याला घेऊन आलेले दोघं अनोळखी होते, रस्त्यावर त्याला बसलेला बघून थांबलेले. "आमचं नाव लिहू नका" म्हणाले. असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, अपघाताच्या वेळी तर फारच. मी त्यांना सांगितलं की अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण द्यायचं कलम २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात आहे. नाव सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही.

रात्री ११:३०

काकींचं रक्त पुन्हा नव्या नळीत. २० मिनिटांनी तिरकी केली, रक्त हललं नाही, गोठलेलं होतं. मुलाला दाखवलं आणि आईजवळ झोपायला सांगितलं. सकाळपर्यंत सूज, लघवी आणि हिरड्या बघत राहायचं आहे.

दिवाळी चार दिवसांवर आहे. वाचणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: कढई चढवण्याआधी भरलेली बादली हाताशी ठेवा, फटाके उडवतानाही ठेवा. स्वच्छ धुतलेली दोन सुती फडकी एका पिशवीत घालून सगळ्यांना दिसेल अशी खुंटीला लावा. गवतात हात घालण्याआधी काठीनं ते हलवा आणि पायात गमबूट घाला. घरातल्या सगळ्यात लहान मुलालाही १०८ हा आकडा पाठ करायला लावा. ती गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आणि तिला पैसे पडत नाहीत.

आणि आमच्याकडे याल तेव्हा जखमेवर काहीही न लावता या.